वैकुंठ की स्वर्ग?

गेल्या नाताळच्या संमेलनात नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने फादर स्टीफन्सकृत 'ख्रिस्तपुराणा'तील ख्रिस्तजन्माचा एक वेचा म्हणून दाखविला, हे त्या संमेलनास उपस्थित असलेल्या पालकांच्या व माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेल. मुलाचा आवाज गोड, पाठांतर चोख, आणि टाळ्याही पुष्कळ पडल्या. परंतु त्या वेच्यात एक फेरफार केलेला होता, आणि तो प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या हाताने केला होता. मूळ ओव्यांत जेथे जेथे 'वैकुंठ' होते तेथे तेथे मी पेन्सिलीने काट मारून 'स्वर्ग' लिहून दिले होते.

हकीकत अशी की, तालीम चालू असता आपल्या मंडळीतील एक वयोवृद्ध गृहस्थ नातवास नेण्यासाठी आले होते. ते मागील बाकावर बसून ऐकत होते. मुलाचे म्हणून झाल्यावर त्यांनी मला बाजूस बोलावले व अगदी सौम्य स्वरात विचारले, "सर, प्रभूच्या जन्माच्या गीतात विष्णूचे घर कशाला आणता?" बाबा वयाने वडील, मंडळीत सर्वांस पूज्य, शिवाय संमेलन चार दिवसांवर आलेले. वाद नको म्हणून मी वही घेतली व शब्द बदलला. दुसऱ्या दिवशी त्या विद्यार्थ्याने ती वही पाहून विचारले, "पण सर, स्वर्ग तरी इंद्राचाच ना?" मी त्याला म्हणालो, "तू पाठांतराकडे लक्ष दे." शिक्षकाजवळ उत्तर नसले म्हणजे तो बहुधा हेच सांगतो.

त्या मुलाचे ऋण माझ्या अंगावर वर्षभर राहिले आहे. ते फेडण्याच्या हेतूने हा लेख लिहीत आहे.

मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. आपण दररोज प्रभूची प्रार्थना म्हणताना पित्याला स्वर्गातील पिता म्हणून हाक मारतो. हा स्वर्ग शब्द पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरकारांनी काही नव्याने घडविला नाही. तेथे इंद्राचे सिंहासन आहे, ऐरावत आहे, रंभा आणि उर्वशी आहेत, नंदनवनात कल्पवृक्ष आहे. आपल्या गोमंतकीय बांधवांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. त्यांच्या कोकणीत स्वर्गाला 'सर्ग' व नरकाला 'येमकोंड' म्हणतात. हा 'येम' म्हणजे रेड्यावर बसणारा आपला यमराजच होय. चारशे वर्षे तेथील भाविक आजीबाई नातवंडांना येमकोंडाचे भय घालीत आल्या आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणी यमाची पूजा करू लागल्याचे ऐकिवात नाही. इंग्रजी भाषेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आपल्या आठवड्याचे वार पाहावेत. त्यांत ओडिन आणि थॉर हे उत्तरेकडील जुने देव सुखाने नांदत आहेत. फार काय, इंग्लंडातील मठवासी विद्वान बीड याने इ. स. ७२५ च्या सुमारास लिहून ठेवले आहे की, 'ईस्टर' हे नाव ईऑस्ट्र नावाच्या एका जुन्या देवीच्या महिन्यावरून पडले. तेव्हा वैकुंठाला दार बंद करून ईस्टरला उघडे ठेवण्यात कोणता न्याय आहे, हे मला कळत नाही.

परंतु 'सगळेच शब्द जुने आहेत, मग हाही असू द्या' एवढ्यावर हा प्रश्न मिटविणे म्हणजे फादर स्टीफन्सवर अन्याय करणे होय. त्याने वैकुंठ हा शब्द नाइलाजाने चालवून घेतला असे मानण्याचे कारण नाही. पुराणांत स्वर्ग आणि वैकुंठ ही एकाच स्थळाची दोन नावे नव्हेत. स्वर्ग हे पुण्याचे फळ. गाठीचे पुण्य सरले की तेथून मृत्युलोकी परतावे लागते, असे भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. पुण्यक्षय झालेला राजा स्वर्गातून खाली कोसळतो ही ययातीची कथा महाभारतात आहेच. वैकुंठाचे तसे नाही. तेथे पोहोचलेला भक्त परत येत नाही. ते देवाचे स्वतःचे धाम, तेथील वास अक्षय. आता वाचकांनीच विचार करावा की, ख्रिस्ती मनुष्य ज्या सार्वकालिक जीवनाची आशा धरतो त्याला यांपैकी कोणता शब्द अधिक शोभतो? मी ज्या शब्दावर काट मारली तो नेमका होता, आणि त्याच्या जागी लिहिलेला सैल होता. पुराण ठाऊक असते तर मी ही चूक केली नसती. आम्ही मिशनच्या शाळा-महाविद्यालयांत शिकलेले लोक, आमचे मिल्टन पक्के आणि व्यास कच्चे! मिल्टनच्या महाकाव्यात ग्रीक देवांची नावे पानोपानी येतात. ती आम्ही कोश उघडून परीक्षेसाठी पाठ केली, आणि त्यांचा विटाळ आम्हांला कधी वाटला नाही.

स्टीफन्सविषयी येथे थोडे सांगणे अवश्य आहे, कारण आपल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांस त्याच्या नावापलीकडे माहिती नसते. हा इंग्लंडातील विल्टशर परगण्यात जन्मलेला येशूसंघी धर्मगुरू १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये तेथेच मरण पावला. त्याची बहुतेक हयात साष्टी प्रांतात गेली. तेथील भाषा तो इतक्या आस्थेने शिकला की १६१६ साली त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रायतूर येथे छापून निघाले. लिपी रोमन, परंतु भाषा मराठी. मधूनमधून साष्टीतील लोकांना कळावेत म्हणून कोकणी शब्द. ज्ञानदेव-एकनाथांची ओवी त्याने उचलली. पुराणकारांप्रमाणे आरंभी नमन केले, श्रोत्यांचे प्रश्न व वक्त्याची उत्तरे अशी मांडणी केली, आणि मराठी भाषेची स्तुतीही गायिली. प्रथम सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुना करार, मग ख्रिस्तचरित्र. १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूर येथे त्याची रोमन लिपीतील आवृत्ती काढली. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी आपल्या पुण्यातूनच ती देवनागरीत आणली. म्हणजे ज्या गावी ज्ञानेश्वरीचे पाठ घरोघरी चालतात तेथील वाचकाला तिच्या या धाकट्या भावंडाचे तोंड पाहण्यास तीनशे चाळीस वर्षे लागली.

हे पुराण का लिहिले गेले याचे कारण ग्रंथातच आहे, आणि ते वाचताना मन खिन्न होते. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूला म्हणतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत. तर त्यांच्या जागी आम्हांला काही द्या, नाहीतर आमचा वेळ जावा कसा? या साध्या विनंतीमागे जे घडून गेले होते ते लपविण्यात अर्थ नाही. १५६७ साली साष्टीतील देवळे पोर्तुगीज अंमलदारांनी पाडली होती. देशी ग्रंथ बाळगणे धोक्याचे झाले होते. पुढे १६८४ साली तर लोकांनी आपली भाषाच सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम निघाला. अशा काळात स्टीफन्स मराठीत पुराण रचीत बसला होता. त्याला राज्यसत्तेच्या पापातून मुक्त करावे असे माझे म्हणणे नाही. तो त्याच गलबतातून आला होता. परंतु ज्यांची देवळे गेली त्यांच्या जिभेवर निदान त्यांचे वैकुंठ तरी त्याने राहू दिले. आणि आपण, ज्यांच्यावर कसलाही हुकूम नाही, ते संमेलनाच्या तालमीत बसून तो शब्द खोडतो!

दुसऱ्या कोणा ख्रिस्ती राष्ट्रास हा पेच पडला होता काय, या जिज्ञासेने मी गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत काही वाचन केले. त्यात युरोपच्या आग्नेय भागातील क्रोएशिया देशाची हकीकत मला फार उद्बोधक वाटली. हे स्लाव्ह वंशाचे लोक सातव्या ते नवव्या शतकाच्या दरम्यान ख्रिस्ती झाले. त्यांच्या पूर्वीच्या धर्माचा एकही ग्रंथ उरलेला नाही, कारण तो धर्म ग्रंथांचा नव्हताच. मेघगर्जनेचा देव पेरून, पाण्याचा व गुराढोरांचा देव वेलेस, वसंताचा यारिलो ही नावे इतरत्रच्या बखरींतून, डोंगरांच्या नावांतून आणि लोकगीतांतूनच हाती लागतात. इस्त्रिया प्रांतात समुद्रावर उभ्या असलेल्या एका डोंगराला आजही पेरून म्हणतात.

मग हे देव गेले कोठे? ते संतांच्या घरी जाऊन राहिले. गडगडाट झाला की क्रोएशियाचा शेतकरी म्हणे, संत एलीया आपला रथ हाकीत आहे; पेरूनची वीज एलीयाच्या हाती आली. २३ एप्रिल हा संत जॉर्जचा सण. त्या दिवशी एका मुलाला हिरव्या डहाळ्यांनी नखशिखान्त झाकून घरोघर नेत आणि गाणी म्हणत. या 'हिरव्या जॉर्ज'च्या गीतांत तो दूर देशाहून चालत येतो व शेतांना हिरवेपण देतो. रादोस्लाव्ह कातिचिच नावाच्या थोर पंडिताने ही गीते रशियन, लिथुएनियन वगैरे गीतांशी ताडून पाहिली आणि असे मत मांडले की, हा जॉर्ज म्हणजे पेरूनचा हरवलेला पुत्र यारिलो होय. सर्वच विद्वानांना हे मान्य आहे असे नाही. आपल्याला मौज वाटावी अशी गोष्ट म्हणजे हे कातिचिच मूळचे संस्कृतचे जाणकार. प्राचीन भारतीय वाङ्मयाचा इतिहास त्यांनी १९७३ साली आपल्या भाषेत लिहिला होता. वेदसूक्ते वाचलेल्या माणसालाच आपल्या खेड्यातील गाण्यात जुना देव ऐकू आला, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

डहाळ्यांनी झाकलेल्या मुलाचे वर्णन वाचताच आपल्याकडील धोंडी कोणास आठवणार नाही? पाऊस लांबला की खेड्यात एखाद्या पोराला कडुलिंबाच्या पाल्याने मढवून दारोदार नेतात, घरची बाई त्याच्या डोक्यावर घागरभर पाणी ओतते, आणि पोरे गाण्यातून पाणी मागतात. क्रोएशियातही पावसासाठी अगदी असाच प्रकार होता; पाल्याने झाकलेल्या मुलींवर पाणी ओतीत. तेथील स्लाव्होनिया भागात त्यांना 'दोदोले' म्हणत. नावांच्या या साम्यावरून मी काही सिद्धान्त बांधणार नाही. असले मनोरे लवकर ढासळतात. पण पाण्याची तहान लागलेल्या माणसाला दोन्ही देशांत एकच युक्ती सुचली, हे खरे.

क्रोएशियातील सुशिक्षित कवींनी या देवांचे काय केले हे आता पाहू. झादर नगरीच्या पेतार झोरानिच याने १५३६ साली पुरा केलेल्या 'प्लानिने' नामक गद्यपद्यात्मक ग्रंथात डोंगरावरच्या 'व्हिला', म्हणजे आपल्या वनदेवता किंवा साती आसराच म्हणा, कवीशी बोलतात, आणि त्यांतील एक त्याला आपल्या भाषेत न लिहिण्याबद्दल दोष देते. झोरानिच हा श्रद्धावंत ख्रिस्ती होता. पुढे १९०० साली व्लादिमिर नाझोर याने 'स्लाव्ह आख्याने' हा काव्यग्रंथ प्रसिद्ध करून जुन्या देवांना पुन्हा उजेडात आणले. त्या वेळी त्याचा देश ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या अमलाखाली होता. आपली भाषा ही दुसऱ्याच्या दारची पाहुणी नव्हे, तिला स्वतःचे आकाश व स्वतःची वीज आहे, हे त्याला दाखवावयाचे होते. आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो: नाझोर हा व्यवसायाने शाळामास्तर होता! १९१६ साली इव्हाना ब्र्लिच-माझुरानिच या लेखिकेने मुलांसाठी लिहिलेल्या 'पूर्वीच्या कथा' आल्या. त्यांत जुन्या सूर्यदेवाचा अंश असलेला स्वारोझिच मार्ग दाखवितो. ते पुस्तक तेथे आजही मुले वाचतात, आणि त्यांची चर्चे ओस पडली नाहीत.

परंतु या सर्वांहून मोठी साक्ष एका शब्दाची आहे. क्रोएशियातील ख्रिस्ती मनुष्य देवाला 'बोग' म्हणतो. त्याची प्रार्थना, त्याचा निरोपाचा शब्द, सर्वत्र बोग. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की, हा बोग आणि ऋग्वेदातील 'भग' ही एकाच मुळाची रूपे आहेत. भग म्हणजे प्रत्येकास त्याचा वाटा देणारा; त्यावरूनच आपल्याकडे भाग्य, भक्त आणि भगवान हे शब्द झाले. तेव्हा झाग्रेबच्या महामंदिरात गुडघे टेकलेली म्हातारी व देहूच्या वाटेवरची म्हातारी देवाला एकाच जुन्या नावाने बोलावीत आहेत, आणि दोघींनाही त्याचा पत्ता नाही.

येथवर लिहून झाल्यावर मी हा लेख खिशात घालून त्या वृद्ध गृहस्थांच्या घरी गेलो. ज्यांच्या शब्दावरून हे रामायण झाले त्यांना न दाखविता छापावयास देणे मला बरे वाटेना. त्यांनी शांतपणे सर्व ऐकून घेतले. नंतर ते जे म्हणाले ते ऐकून मला माझ्या विद्वत्तेची लाज वाटली. ते म्हणाले, "सर, तुमचे पुस्तकातले खरे असेल. माझा आजा नगर जिल्ह्यातला. गावच्या देवळात चातुर्मासात पुराण लागे. आमची माणसे पायरीखाली, चिखलात उभी राहून ऐकत. पुराणिकबुवा आतून वैकुंठाचे वर्णन करीत आणि बाहेर आमच्या पोरांची सावली कुणावर पडू नये म्हणून आमच्या आया पोरांना मागे ओढीत. माझ्या कानात तो शब्द तिथून आला आहे. तुम्हांला त्यात कविता ऐकू येते. मला त्यात पायरी दिसते."

क्रोएशियाचा दाखला येथे पुरा पडत नाही, हे मला कबूल केले पाहिजे. तेथे जुने देव मेलेले होते. त्यांच्या नावाने कोणी कोणास विहिरीवरून हाकलीत नव्हते. आपल्याकडे पुष्कळ कुटुंबे ज्या कारणासाठी ख्रिस्ती झाली त्यात त्या पायरीचा वाटा मोठा होता, आणि शंबूकाची कथा ज्यांना अलंकार म्हणून ऐकावी लागली त्यांनी पुराणांकडे पाठ फिरविली तर त्यांना संकुचित म्हणण्याचा अधिकार आम्हा पुस्तकी लोकांस नाही. जो कोणी मिशनच्या शाळेत पुराणकथा शिकवील त्याने शंबूकही शिकविला पाहिजे, एकलव्यही शिकविला पाहिजे, आणि त्यावर मौन धरता कामा नये.

तरीही मी बाबांना एक गोष्ट विचारली. चोखोबा पंढरीच्या महाद्वाराबाहेरच राहिले. त्यांची समाधीही तेथेच पायरीशी आहे. ते मंदिर अस्पृश्यांना उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. परंतु विठ्ठल हा शब्द चोखोबांनी आतल्या लोकांच्या स्वाधीन केला काय? त्यांनी तो बाहेरूनच आपला म्हणून घेतला, आणि आज त्यांचे अभंग आतले लोकही गातात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरणही माझ्या मनात होते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा चित्पावन कवी, आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगे. विलायती चालींच्या भाषांतरित गीतांनी कंटाळलेल्या मंडळ्यांना त्याने अभंग, भजन आणि कीर्तन दिले. 'उपासना संगीत' उघडले की त्याची पदे सापडतातच. आपल्या ख्रिस्तचरित्राला त्याने नाव दिले 'ख्रिस्तायन'. रामायण ठाऊक नसलेल्याला या नावातील अर्धा गोडवा कळणार नाही. १९१९ मध्ये तो गेला तेव्हा ते काव्य अपुरे होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, ज्यांनी कोणत्याही शाळेत पाऊल टाकले नव्हते आणि ज्यांच्या कानावर ओवी जात्यापासून होती. त्या ओव्यांतून जुने शब्द चिमट्याने वेचून काढावयाचे ठरविले, तर मागे कोंडा तरी किती उरेल?

आपल्या विश्रांतवाडीच्या मुलांना हे फार दूरचे नाही. दरसाल माउलींची पालखी आळंदीहून निघून दिघीवरून आपल्याच रस्त्याने पुण्यास जाते. त्या दिवशी वाहतूक बंद असते आणि आपली मुले हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, बौद्ध सर्व मिळून पदपथावर उभी राहून टाळांचा ठेका धरतात. वारकऱ्यांना पाण्याचे पेले देणाऱ्या मुलांत ख्रिस्ती मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या कानावरून ज्ञानदेव जात असतो. त्यांना तो समजावा एवढीच माझी इच्छा आहे. त्यांनी काय मानावे हा प्रश्न त्यांचा, त्यांच्या घरचा व देवाचा आहे. काही हिंदू स्नेही मला असेही म्हणतात की, आमचे शब्द तुम्ही का उचलता? त्यांना माझे उत्तर असे की, शब्द आमच्याही आईचेच आहेत. आम्ही ते कोठून उसने आणलेले नाहीत.

बाबांनी माझ्या प्रश्नाला लगेच उत्तर दिले नाही. चहा झाला, त्यांच्या सूनबाईंनी नातवाच्या गणिताविषयी चौकशी केली, आणि मी उठता उठता ते म्हणाले, "म्हणू द्या मुलाला वैकुंठ. पण म्हणण्याआधी त्याला पायरीची गोष्ट सांगा. नाहीतर मला बोलवा, मीच येऊन सांगतो." हे निमंत्रण मी तेथल्या तेथे पक्के करून घेतले आहे.

तो विद्यार्थी आता दहावीत आहे. अभ्यासाच्या ओढीत यंदा त्याला संमेलनात भाग घेता येईल की नाही, याची शंका आहे. त्याची वही मी मागवून घेतली व काट खोडून मूळ पाठ पुन्हा शाईने लिहिला. तो न म्हणेल तर आठवीतील दुसरा एक मुलगा तयार आहे. नाताळच्या सुटीपूर्वीच्या शनिवारी मधल्या सुटीनंतर बाबा आठवी व नववीच्या वर्गांपुढे बोलतील. इंद्र, यम आणि ययाती यांच्या कथा त्याच्या आदल्या दोन तासांस मी सांगेन. ज्या पालकांना येऊन बसावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे; बाके पुरेशी आहेत.